तंबाखूच्या काट्यावर सून

बोरगावच्या माणसांनी मला पसंत केलं ते माझ्या दंडावरून. मी बी.ए. झाले होते, बी.एड.चा अर्ज भरला होता, गणित बरं होतं, गळाही वाईट नव्हता. यातलं काहीच कुणी विचारलं नाही. होणाऱ्या सासूबाईंनी मला जवळ बसवून घेतलं, माझा दंड दोन बोटांत धरला, बाजारात वांगं दाबून बघतात तसा दाबला आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "अंगानं भरलीया. चालंल."

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांचा तंबाखूचा धंदा. शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा, घरामागच्या वखारीत साठवायचा आणि निपाणीच्या मोठ्या व्यापाऱ्यांना घालायचा. भरलेल्या मालाची त्यांना पारख होती. माझ्या आईला तर आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. जाड मुलगी खपली, तीसुद्धा जाडीमुळे खपली, असं आमच्या गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं.

लग्न झालं ते आणीबाणीच्या दिवसांत. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेले, पोरं आवरा म्हणून सरकार हात धुऊन लोकांच्या मागं लागलेलं. सगळ्या मुलखात सरकारचं मनापासून ऐकणारं घर एकच निघालं, ते आमचं. वर्ष गेलं, दोन गेली, आणीबाणी उठली, सरकार बदललं, तरी आमच्याकडे पाळणा काही हलेना. नवरा बेळगावात सरकारी कचेरीत कारकून होता, मला टिळकवाडीतल्या एका शाळेत नोकरी लागली होती. एका वकिलाच्या बंगल्यामागं दोन खोल्या घेऊन आम्ही राहत होतो. तिथं दोघंच असल्यामुळे भांडायलाही विषय कमी पडायचे.

मला मूल हवं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बरीच टिंगल करणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाईला फारसं काही नव्हतंच. तसं नव्हतं. शाळेत पहिलीच्या वर्गावरून जाताना मी मुद्दाम दुसऱ्या जिन्यानं जायची. इतकं हवं होतं.

तर आधी उपास झाले. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शिवाय संकष्टी आणि दोन्ही एकादश्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी हे वेळापत्रक लावून दिलं आणि उपासाला काय खायचं तेही बोरगावहून पाठवायला लागल्या: साबुदाणा, शेंगदाणे, घरचं तूप, राजगिऱ्याचे लाडू. शिवाय पोटात गर्भ धरावा म्हणून डिंकाचे लाडू. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, मी तर आठवड्यातले चार दिवस दुप्पट खात होते. देवाला माझी दया येईना, पण अंगाला आली. वर्षभरात माझे सगळे ब्लाऊज शिंप्याकडे उसवायला गेले.

मग शाळेतल्या एका बाईंनी लेडी डॉक्टरांचं नाव सुचवलं. डॉक्टरीण कानडी, मराठी बोलायच्या पण तोडून तोडून. दवाखान्यात कोपऱ्यात एक पांढरा, उंच, खांबासारखा वजनाचा काटा होता. त्यावर मला उभं केलं, लोखंडी ठोकळा सरकवला आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"अठ्ठ्याहत्तर. किती खाताय हो बाई?"

"उपास करते," मी म्हणाले.

"पैला ते उपास बंद करा. पासष्टच्या आत या. चरबीनं पाळी बिघडलीय तुमची. वजन कमी झालं की ती सरळ होईल, मग पुढचं बघू." आणि मी पदर सावरून उठत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि मिस्टरना घेऊन या. त्यांचंपण तपासायचं."

हे शेवटचं वाक्य मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो जेवून तंबाखू मळत बसला होता. म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" चिमूट ओठाखाली गेली आणि विषय संपला. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून वजन कमी करायला लागले. घरात दोघं आणि औषध एकाला, अशी ती वाटणी होती.

त्या काळात टिळकवाडीत बाईमाणसानं कारणाशिवाय भरभर चालणं म्हणजे काहीतरी घडल्याची खूण होती. सकाळी उजाडल्यावर मी नऊवारीतून नव्यानं पाचवारीत आलेल्या माझ्या आईचा, साडीवर बूट घालू नको हा सल्ला धुडकावून नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट पायांत घालायची आणि पहिल्या रेल्वे गेटापासून तिसऱ्या गेटापर्यंत चालायची. दूधवाला सायकल थांबवून विचारायचा, "बाई, कोण गेलं?" एका सेवानिवृत्त गृहस्थांनी तर मला दोनदा सांगितलं, "स्टेशन तिकडं नाही, मागं आहे." गेट बंद असलं की मालगाडी जाईस्तोवर मी तिथंच उभ्या उभ्या पाय हलवत राहायची. तेव्हा गेटापाशी थांबलेले सगळे सायकलवाले गाडीचे डबे मोजायचे सोडून माझ्याकडे बघायचे.

जेवणात एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. भात बंद, साखर बंद. बेळगावात राहून खव्याच्या त्या कुंद्याकडे पाठ फिरवणं ही काय तपश्चर्या आहे, ते बेळगावकरालाच कळेल. संध्याकाळी शाळेतून येताना मिठाईच्या दुकानाच्या बाजूचा रस्ताच मी टाकला होता. भूक लागली की पाणी प्यायचं आणि वह्या तपासायच्या. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांना गणितात फार कमी मार्क पडले.

बोरगावला ही बातमी पोचली. आत्याबाईंना आधी पटलंच नाही. अंग भरलेलं म्हणून तर सून आणली, तेच अंग आता आडवं येतंय म्हणजे काय? पण डॉक्टरणीनं सांगितलंय म्हटल्यावर त्या एकदम दुसऱ्या टोकाला गेल्या. आता माझ्या वजनावर त्यांनी स्वतः लक्ष ठेवायचं ठरवलं.

दर अमावस्येला आम्ही बोरगावला जायचो. त्या दिवशी वखार बंद असायची. अमावस्येला माल घ्यायचा नाही, द्यायचा नाही, तोलायचा तर मुळीच नाही, अशी घराची रीत होती. काट्याला त्या दिवशी विश्रांती. मला त्यासाठी शाळेत रजा टाकावी लागायची, आणि आमचे हेडमास्तर सही करताना हमखास विचारायचे, "काय बाई, आली का तुमची अमावस्या?"

त्या पहिल्या अमावस्येला जेवणं झाल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "चल गं वखारीत. तुझं वजन करू या."

वखारीत पाऊल टाकलं की घशात ठसका बसायचा. भिंतीला लागून तंबाखू भरलेली मोठमोठी पोती आणि मधोमध जमिनीलगत फळीचा तो मोठा काटा. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, तिथं बोलावून घेतलं होतं. ते बिचारे अवघडले. सुनेकडे तोंड करून वजन कसं करायचं? शेवटी त्यांनी अर्धी पाठ फिरवली, मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि फळीवर चढले.

"बांगड्या काढू दे का तिला?" आत्याबाईंनी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," मामंजी म्हणाले. त्यांनी काट्याच्या दांडीला हात लावून तो कपाळाला नेला आणि सवयीनं पुटपुटले, "लाभ." तोलताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही व्यापाऱ्यांची चाल. मग वजन सरकवून भिंतीकडे बघत ते पोत्याचा आकडा पुकारावा तसे मोठ्यानं ओरडले, "एकाहत्तर!"

त्याच आठवड्यात डॉक्टरणीच्या काट्यावर मी पंचाहत्तर होते. मला आनंद झाला. चार किलो कुठं गेले, हे विचारण्याइतकी मी मूर्ख नव्हते. जाडी गेली, कुठं का जाईना.

पण पुढच्या खेपेला दवाखान्यात पुन्हा चौऱ्याहत्तर. हे नवऱ्यानं आईला सांगितलं, का सांगितलं ते देव जाणे, आणि आत्याबाईंना सगळा उलगडा झाला. "हितं असली की उतरतीया, बेळगावात गेली की चढतीया. म्हंजे तिकडं खातीया. कुंदा खातीया चोरून, दुसरं काय?"

"मी साखरेला हातसुद्धा लावत नाही," मी म्हणाले.

"काटा काय खोटं बोलतोय व्हय गं?"

हा प्रश्न त्यांनी मामंजींसमोर विचारला. मामंजी सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढं हे दर महिन्याचं झालं. मी चालत होते, उपाशी राहत होते, रात्री पोटात कावळे ओरडत असताना झोपत होते, आणि बोरगावात माझं नाव कुंदाखाऊ पडलं होतं. चुलत सासवा बेळगावला यायच्या तेव्हा माझ्या फडताळात डोकावून बघायच्या. एकीनं तर डब्याला नाक लावून वास घेतला. त्यात चुन्याची निवळी होती.

शेवटी मला डॉक्टरणीच्याच काट्याचा संशय आला. एका रविवारी मी बेळगाव स्टेशनवर गेले. तिथं चकाकत्या चाकांचं वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे आणि वजनाबरोबर भविष्याचं तिकीट बाहेर पडायचं. माझं वजन डॉक्टरणीच्या काट्याशी बरोबर जुळलं. मागं भविष्य छापलेलं होतं: तुम्ही मायाळू आहात, लवकरच घरी पाहुणा येईल. मी ते तिकीट पर्समध्ये जपून ठेवलं. शिकलेली बाई, पण तेवढं ठेवलं.

म्हणजे बेळगावातले दोन काटे एक सांगत होते आणि बोरगावचा एकटा वेगळं सांगत होता. मी वर्गात मापं शिकवणारी बाई. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडायला एका शेतकऱ्याचं बोलणं कानावर यावं लागलं.

आम्ही एकदा अमावस्येच्या आदल्या दिवशीच बोरगावला पोचलो होतो. वखारीत माल उतरत होता. मी परसात भांडी घासत होते. भिंतीपलीकडून एकजण म्हणत होता, "आण्णा, घरात तोललं तवा भरत हुतं की वो. हितं आलं की घटतंय."

"वाळलं असंल रं वाटंत," मामंजींचा आवाज आला. "ऊन किती हाय बघ की."

मी घासत होते तो तांब्या तसाच हातात राहिला. तंबाखू वाळतो, हे खरं. पण मी कशी वाळत होते? बेळगावहून निपाणीपर्यंत बसनं, तिथून बोरगावला दुसऱ्या बसनं, तेही बहुतेक वेळा उभ्यानं. एवढ्या प्रवासात दर वेळी माझे चार किलो वाळून जायचे आणि परत जाताना पुन्हा भिजून भरायचे, असं त्या काट्याचं म्हणणं होतं.

त्या खेपेला परतीच्या बसमध्ये मी नवऱ्याला हळूच विचारलं, "वखारीतला काटा कमी दाखवतो का हो?"

तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "जरा हलका हाय. घ्यायचा काटा तो. सगळ्यांचेच असतात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरात सगळ्यांस्नीच म्हाईत हाय. आईला न्हाय तेवढं. हळू बोल."

मी बसमध्ये होते म्हणून बरं. त्याला माहीत होतं. आत्याबाई मला चोरटी म्हणत होत्या, माझे डबे हुंगले जात होते, तेव्हा हा माणूस शेजारी बसून ताटातला भात कालवत होता. मामंजींना तर माहीत असणारच, काटा त्यांनीच तसा करून घेतलेला. माझ्यावरचा आळ पुसायचा तर त्यांना एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते वाक्य त्यांना परवडणारं नव्हतं. सुनेनं कुंदा खाल्ला म्हटलं की सगळं जागच्या जागी राहत होतं. मला इतका राग आला की निपाणी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही, आणि पुढं बेळगावपर्यंतही नाही. त्याला तो फरक कळला असं काही वाटलं नाही.

तरी मी गप्प बसले असते. घरची गोष्ट, आपलेच दात आपलेच ओठ. पण स्टेशनवरच्या यंत्राचं भविष्य खरं ठरलं आणि घरी पाहुणा आला.

पाहुणा म्हणजे नवऱ्याचे मामा, आत्याबाईंचे धाकटे भाऊ. चिकोडीकडच्या एका खेड्यात त्यांची शेती होती. तंबाखू लावायचे आणि दरवर्षी बहिणीच्या घरीच घालायचे, परक्याच्या वखारीत कशाला जायचं म्हणून. त्यांना एक लग्नाची मुलगी होती. बारीक चणीची, शांत. मला ती आवडायची.

वैशाखाची अमावस्या होती. मामा बैलगाडी घेऊन आले होते. मुलाचं लग्न ठरलं होतं, त्यासाठी साखर कारखान्यातून त्यांनी साखरेचं एक पोतं उचललं होतं. रात्री गाडीत उघड्यावर नको म्हणून ते पोतं उतरवून वखारीत ठेवलं होतं. जेवणं झाली. आत्याबाईंनी सगळ्यांना वखारीत बोलावलं. मामंजी, नवरा, मामा आणि मी. मला वाटलं नेहमीसारखं वजन. पण मामा का होते ते कळायला वेळ लागला नाही.

"चढ," आत्याबाई म्हणाल्या.

मी चढले. मामंजींनी दांडीला हात लावला. लाभ. मग भिंतीकडे बघून, "चौसष्ट!"

आत्याबाईंनी भावाकडे वळून बघितलं. "ऐकलास न्हवं? डाक्टरणीनं पासष्टच्या आत ये म्हणून सांगितलं हुतं. आली. डाक्टरणीचा शब्द पुरा झाला. आता जाडीचं निमित न्हाय." मग माझ्याकडे बघून, पण जरा हळू आवाजात, "दसऱ्यापातूर वाट बघू. तवर कूस उजवली तर देवीच पावली. न्हाय तर माझ्या भावाची पोर आणू. तुला कोण हाकलत न्हाय. दोघी बहिणीवानी ऱ्हावा."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पोत्यांवरची शिलाई बघत होता.

पायाखाली फळी होती आणि ती हलत होती. माझ्या आयुष्याचा हिशेब एका खोट्या काट्यावर झाला होता. दवाखान्यात मी त्याच आठवड्यात अडुसष्ट होते. पाळी आत्ता कुठं दोन महिने तारखेला येऊ लागली होती. डॉक्टरीण म्हणाल्या होत्या, आणखी थोडं, मग औषध सुरू करू. आणि इथं माझी मुदत सुरू झालीसुद्धा.

"डॉक्टरांच्या काट्यावर मी अडुसष्ट आहे," मी म्हणाले.

"कुंदा," आत्याबाई म्हणाल्या.

मग माझं डोकं फिरलं. मी फळीवरून खाली उतरले, डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि म्हणाले, "मामा, तुमचं साखरेचं पोतं कितीचं?"

"कुंटलचं की," मामा गोंधळून म्हणाले. "कारखान्याची शिलाई हाय. शंभर किलू."

"ते ठेवा जरा काट्यावर."

"आज अमावस्या हाय," मामंजी पटकन म्हणाले. "अमावस्येला माल तोलायचा न्हाय."

"सून तोललेली चालते?"

मामंजींचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. चार वर्षांत पदराआडून त्यांची फक्त धोतराची निरी मला पाठ झाली होती.

मामा साधा माणूस. त्यांना वाटलं, सुनेच्या मनाचं समाधान होतंय तर होऊ दे. त्यांनी गाडीवानाला हाक मारली, दोघांनी पोतं उचलून फळीवर टाकलं. मामंजी दांडीजवळ यायलाच तयार होईनात, म्हणून मामांनीच वजन सरकवलं. शंभरावर नेलं तर दांडी खालीच. मागं घेतलं. आणखी मागं. पंच्याण्णवाजवळ दांडी तरंगली.

"कारखान्यानं फशिवलं तुला," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, हे मला नंतरही पटत आलं आहे.

मामांनी पोत्याची शिलाई बोटानं चाचपून बघितली. ती शाबूत होती. मग त्यांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीला लागून रचलेल्या तंबाखूच्या पोत्यांकडे. त्यातली काही त्यांच्याच शेतातली होती. शेतकरी माणसाला हिशेब करायला कागद लागत नाही. त्यांचे ओठ नुसतेच हलत होते.

"दाजी," शेवटी ते म्हणाले, "माझा तंबाखू किती वरसं वाळतोय वो?"

मामंजी म्हणाले, "आरं, काटा बिघडला असंल."

"आज बिघडला व्हय? बरं झालं अमावस्येला बिघडला."

त्यानंतर जे झालं ते बराच वेळ चाललं. आत्याबाई आधी भावावर ओरडल्या, मग नवऱ्यावर, मग कुणावरच ओरडायला उरलं नाही म्हणून माझ्यावर. माझ्या नवऱ्यानं मध्ये पडून, "मामा, घरातली गोष्ट हाय, बाहेर कशाला," असं काहीतरी म्हटलं आणि मामांनी त्याला दोन्ही हातांनी बाजूला सारलं. पोतं परत गाडीत गेलं. बैल जुंपले. आत्याबाई गाडीमागं धावल्या, "आरं, थांब की! पोरीचं काय?"

मामांनी गाडीतूनच मागं वळून सांगितलं, "आक्का, ह्या घरात पोर दिऊ? वरसाला पाच किलू वाळंल ती."

बोरगावच्या त्या रस्त्यावर तेव्हा चारसहा माणसं उभी होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की सून कुंदा खात नव्हती. कुणी माझी माफी मागितली नाही. पण माल घालायला येणारे पुढच्या हंगामात आपापली वजनं घरून घेऊन यायला लागले आणि मामंजींना गुपचूप काटा दुरुस्त करून घ्यावा लागला.

आत्याबाई सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. भावाचं दार बंद झालं, याचं खापर माझ्या डोक्यावर. मी ते आनंदानं घेतलं. नवऱ्याला मात्र एक गोष्ट कळून चुकली. आता दुसरी कुणी तयार नव्हती, होती ती मीच. एका शनिवारी तो न सांगता माझ्याबरोबर दवाखान्यात आला आणि त्यानं तपासून घेतलं. डॉक्टरणींनी रिपोर्ट बघितला, त्याच्या ओठाखालचा फुगवटा बघितला आणि म्हणाल्या, "तुमचंपण कमी आहे. तंबाखू पैला बंद करा." तंबाखूवर वाढलेल्या घराण्याच्या मुलाला हे ऐकताना जे वाटलं असेल ते मी शेजारच्या खुर्चीवरून डोळे भरून बघून घेतलं. रस्त्यात तो म्हणाला, "आईला सांगू नको." मी म्हणाले, "कळेल की. काटा खोटं बोलत नाही."

त्यानं तंबाखू सोडला, कुरकुरत का होईना. मी पासष्टच्या आत आले, दवाखान्यातल्या काट्यावर. गोळ्या झाल्या. शेवटी कशानं गुण आला ते मला माहीत नाही. डॉक्टरीण म्हणतात वजनानं, नवरा म्हणतो त्याच्या त्यागानं, आत्याबाई म्हणतात नवसानं. बावीस वेळा विचार करूनही मला ठरवता आलेलं नाही, आणि मूल कुशीत असताना ठरवायची गरजही वाटली नाही. मुलगी झाली. पहिलीच्या वर्गावरून मी परत नेहमीच्या जिन्यानं जायला लागले.

आत्याबाईंचा नवस होता, बाळाच्या भारोभार गूळ देवीला वाहायचा. मुलगी पाच महिन्यांची झाल्यावर आम्ही बोरगावला गेलो. गुळाच्या ढेपी आणून ठेवलेल्या. पण काटा? आत्याबाईंनी वाण्याच्या दुकानातली दोन पारड्यांची मोठी तागडी मागवून घेतली होती. ती देवळाच्या ओवरीत आढ्याला टांगली होती.

"हे कशाला, आत्याबाई?" मी म्हणाले. "घरचा काटा आहे की. आता दुरुस्तही झालाय."

"गप गं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "देवीचं हाय ते."

एका पारड्यात दुपट्यावर माझी मुलगी, दुसऱ्यात गूळ. मामंजींनी तागडीला हात लावून कपाळाला नेला, लाभ म्हणाले. दोन्ही पारडी एका रेषेत आली, तरी आत्याबाईंनी वरून आणखी एक ढेकूळ टाकलं, देवीचं पारडं खाली जाईपर्यंत. देवीला झुकतं माप. मग हात जोडून त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. ते खरं होतं. त्यांना नातवंड माझ्याइतकंच हवं होतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि त्यांच्यावरचा माझा राग थोडा उतरला.

डोळे पुसून त्या पारड्याजवळ आल्या. मुलगी पाय झाडत होती. त्यांनी वाकून तिचा इवलासा दंड दोन बोटांत धरला, दाबून बघितला, आणि माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाल्या, "अंगानं भरलीया."

मी त्यांचा हात धरून बाजूला केला आणि मुलीला पारड्यातून उचलून घेतलं.